तुळईचं पोट

फुलाआत्या उंच होती. बाबांची ती थोरली बहीण. लग्न होऊन तीन वर्षांत कपाळ पांढरं करून भावाकडे परत आली ती कायमची. आमच्या गावच्या बायकांत ती वीतभर वर दिसायची. विहिरीवर, धान रोवण्याच्या बांधीत, बाजाराच्या वाटेवर, लांबूनसुद्धा ओळखू यायची. जुन्या घराच्या बुटक्या दारातून वाकून वाकून तिच्या मानेला एक सवयच लागली होती. म्हणून नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा बाबांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की दारं उंच पाहिजेत, माझ्या बहिणीला वाकावं लागू नये. दारं उंच झाली. पण माळ्यावर जायचा जिना मधल्या घरात आला, आणि त्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर उभं राहिलं की फुलाआत्याचं कपाळ बरोबर मोठ्या तुळईला लागायचं.

ती तुळई म्हणजे बाबांचा अभिमान. उन्हाळ्यात शेतात काम नसे तेव्हा बाबा आमची बैलबंडी घेऊन आलापल्लीकडे लाकूड ओढायला जात. एका उन्हाळ्यात तिथल्या लाकडाच्या डेपोत त्यांना एक सागवान दिसलं. सरळ, गाठ नसलेलं, टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीचं. रीतसर पास घेऊन ते त्यांनी सहा मुक्कामांनी गावात आणलं. वाटेत नदी उतरताना बैल बसले, तेव्हा म्हणे बाबा स्वतः पाण्यात उतरून जुवाला खांदा देऊन उभे राहिले. बंडी गावात शिरली त्या दिवशी पोंभुर्ण्यापर्यंतची माणसं ते लाकूड पाहून गेली. माय त्यावर हळदकुंकू घालत होती, आणि फुलाआत्या म्हणत होती, “दसरू, याच्या खाली मी धा वर्षं जास्त जगन गा.”

कासमभाऊ मिस्त्री चांद्याचे. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कानामागे नेहमी पेन्सिलीचा तुकडा. उन्हाळाभर ते आमच्याकडेच होते, ओसरीत झोपायचे. पहाटे त्यांचा तासायचा वाकस लाकडावर पडायला लागला की आमची सकाळ व्हायची. आधी वाकसाचा ठक ठक, मग चुलीत मायनं टाकलेल्या ओल्या फाट्यांची चरचर, मग फुलाआत्याचं जातं. दुपारी लाखोळीची डाळ, भात आणि अंबाडीची भाजी. कासमभाऊंना अंबाडी फार आवडायची. ते म्हणायचे, “चांद्याले असं आंबट मिळत नाई, बाई.” त्यांचं ताट आणि पेला ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. जेवण झालं की ते स्वतःच धुऊन तिथे उपडा घालत. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा आमच्या घरात कोणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही. आज लिहिताना हात थांबतो.

मला भाऊ नव्हता. मी सोळा-सतरा वर्षांची. ब्रह्मपुरीकडचं एक स्थळ बोलणीत होतं आणि खरं म्हणजे ते नवं घर माझ्या लग्नासाठीच घाईनं उभं राहत होतं. पण माझा जीव त्या लग्नापेक्षा कासमभाऊंच्या पेटीत अडकला होता. करवत, पटाशी, रंधा, गुण्या. आधी मी नुसती बसून पाहायचे. मग एक दिवस ते म्हणाले, “बेटी, हे टोक धरतं का?” टोक धरता धरता मी खुंट्या कापायला शिकले. ते सांगायचे, “जोर नोको लावू. करवतीलेच जाऊ दे. तू फक्त रेघ सोडू नोको.” रेघ न सोडण्याचं ते सुख मला कधी कोणाला नीट सांगता आलं नाही. पुढे आयुष्यभर मी शाळेत मुलांना शिकवलं, फळ्यावर हजारो रेघा ओढल्या, पण त्या भुश्याच्या वासातली ती पहिली सरळ रेघ वेगळीच होती. माय कुरकुरायची, “पोरीच्या जातीले हे कायले?” बाबा हसून सोडून द्यायचे.

घरावर कवेलू चढले आणि आभाळ भरून यायला लागलं. लोकांची घरं बांधता बांधता कासमभाऊंचं स्वतःचं छप्पर शाकारायचं राहून गेलं होतं. त्यांना चांद्याला परतायची घाई झाली. निघायच्या दिवशी फुलाआत्या बियाण्याची टोपली डोक्यावर घेऊन माळ्यावर चढली आणि तुळईला धडकली. टोपली पडली, धान घरभर झालं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. कासमभाऊंनी जीभ चावली. जिना चुकलाच होता, आणि तो त्यांचा चुकला होता, हे त्यांनी तिथेच कबूल केलं.

“दसरूभाऊ, जिना फिरवा लागते. भिंतीच्या अंगानं घेतला की डोस्कं नाई लागन. पण आता टाइम नाई. दिवाळीनंतर येतो अन् फिरवून देतो. तवरोक सांभाळून चढा.” मग वर तुळईवर हात फिरवत ते म्हणाले, “पण हिच्या पोटाले कोणी हात नोको लावजो. वरून काईबी करा, खालून नाई.”

बाबा तेव्हा बैलांना पाणी पाजायला निघाले होते. त्यांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी ऐकलं होतं.

रोवणा लागला. फुलाआत्या दिवसातून चार-पाच वेळा माळ्यावर जायची. कधी बियाणं, कधी वाळवलेली मोहफुलं, कधी मिरच्या. दर दोन दिवसांनी कपाळाला नवं काहीतरी. ती हसायची. “दार उंच केलं भावानं, अन् हे लाकूड म्हणते, वाकून चाल.” मायनं तुळईला चिंध्यांची गुंडाळी बांधली, ती गळून पडली. एकदा आत्याच्या भुवईतून रक्त आलं आणि ती जिन्याच्या पायथ्याशी डोळे मिटून बसली. मी ओल्या फडक्यानं ते पुसत होते. तिच्या त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघूनच माझ्या मनात ठरलं.

माझ्या पायात काटा मोडून पिकला होता, म्हणून त्या दिवशी मी एकटीच घरी राहिले. सगळे बांधीत. पाऊस एकसारखा लागलेला. दिवाळीनंतर यायचंच म्हणून कासमभाऊंनी ठेवलेली पेटी ओसरीतच होती. मी करवत काढली, पटाशी काढली, सहाव्या पायरीवर उभी राहून आत्याच्या कपाळाचा अंदाज घेतला आणि तुळईच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या. हातभर लांब, चार बोटं खोल. एवढ्या जाड लाकडाला चार बोटांचं काय, असंच मला वाटलं. मिस्त्री लोक आपलं काम दुसऱ्यानं करू नये म्हणून असं काही सांगतात, असाही एक विचार आला. मान वर करून, हात वर धरून कापायचं होतं. भुसा डोळ्यांत, तोंडात, पोलक्यात जात होता. दोन्ही बाजूंनी कापलं, मधलं पटाशीनं काढलं, घासून गुळगुळीत केलं. दुपार होईपर्यंत खाच तयार होती. मी डोक्यावर टोपली घेऊन आत्यासारखी ताठ चढून पाहिलं. काही लागलं नाही. मला इतका आनंद झाला की मी वरच्या पायरीवर बसून एकटीच हसले.

मी खालचा भुसा झाडून चुलीत टाकला, हत्यारं पेटीत ठेवली, आणि ओसरीत येऊन बसते तोच अंगणात कासमभाऊ. डोक्यावर पोतं, गुडघ्यापर्यंत चिखल. शेजारच्या गावच्या मोतीराम पाटलांनी दाराच्या चौकटीसाठी बोलावलं होतं, म्हणून पेटी न्यायला आले होते. मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बेटी, केसाइत भुसा कायचा?”

“लाकडं फोडून राह्यली होती,” मी म्हटलं.

“अन् जिना? आत्याचं डोस्कं?”

“ठीक आहे.”

त्यांनी पेला धुतला, कोनाड्यात उपडा घातला, पेटी उचलली आणि पावसात निघून गेले. मी त्यांना आत बोलावलं नाही. हाक मारायला तोंड उघडलं होतं, एवढं मात्र आठवतं.

संध्याकाळी सगळे घरी आले. फुलाआत्या ओल्या लुगड्यानंच मिरच्या आणायला वर चढली आणि सहाव्या पायरीवर थांबली. “अगा दसरू, पाह्य तर!” बाबांनी कंदील वर धरला. खाचेवरून हात फिरवला. इतकं साफ काम पाहून त्यांचा चेहरा उजळला. “कासम आला होता का?”

“आला होता. पेटी न्याले.”

“त्यानंच केलं?”

मी सांगणारच होते. मी केलं, असं म्हणायला किती उत्सुक होते मी दिवसभर! पण बाबांच्या हाताखाली ती खाच पाहिली आणि एकाएकी कासमभाऊंचे ते शब्द आठवले, पोटाले हात नोको लावजो. बाबा रागावतील, आणि त्या लाकडाबद्दल रागावतील. माझ्या तोंडून निघालं, “हो.”

एवढंच. त्या एका अक्षरावर आमचं घर पुढचे सहा महिने उभं होतं.

दिवाळी झाली. कासमभाऊ मोतीराम पाटलांच्या मोठ्या घराच्या कामावर लागले होते. त्यांनी एका माणसाबरोबर निरोप पाठवला, जिना कधी फिरवू? बाबांनी उलट निरोप धाडला, आता गरज नाही, जिना चांगला आहे. ते दोघे समोरासमोर भेटले असते तर तिथेच उलगडलं असतं. भेटले नाहीत. धान घरी आलं. त्या वर्षी पीक भरभरून होतं. माळ्यावर शेणानं लिंपलेल्या बांबूच्या ढोल्या ओळीनं लागल्या आणि धानानं भरल्या. फुलाआत्या ताठ मानेनं वरखाली करत होती.

आणि मग तुळई बोलायला लागली. आधी दुपारच्या उन्हात, एखादाच बारीक आवाज, ओला जोडा वाळताना करतो तसा. माय म्हणाली, नवं लाकूड आहे, वाळून राह्यलं. मग तो आवाज सकाळीही यायला लागला. मी एकदा कोणी नसताना खाचेत बोट घातलं. कोपऱ्यातून एक केसाएवढी रेघ निघाली होती. मी ओढली नव्हती ती रेघ. त्या दिवशी मला भात गेला नाही. मी बाबांना म्हटलं, “दोन ढोल्या खाली ठेवू, घुशी वरच जास्त येऊन राह्यल्या.” बाबा हसले, “घुशी काय खाली नाई येत?” मायनं मला जवळ घेऊन विचारलं, लग्नाचा घोर लागला का. मी मान डोलावली. लग्नाच्या नावावर माझं न जेवणं, दचकणं, रडणं सगळं खपून गेलं. रोज मी ठरवायचे, आज सांगीन. आणि रोज ते आधीपेक्षा अवघड झालेलं असायचं, कारण आता दोन गोष्टी सांगायच्या होत्या, कापल्याची आणि खोटं बोलल्याची.

पौषातली सकाळ होती. ब्रह्मपुरीची माणसं दुसऱ्या दिवशी तारीख पक्की करायला यायची होती. तांदळाचं पीठ हवं होतं म्हणून मी आणि फुलाआत्या समोरासमोर जात्यावर बसलो होतो. जातं मधल्या घरातच, जिन्याच्या बाजूला. माझे कान पूर्ण वेळ वरच होते. आत्या म्हणाली, “इंदे, चुलीवरचं दूध पाह्यतं का, माय बैलाच्या कोठ्यात आहे.” मी उठले. चुलीपाशी पोचले नव्हते तोच मागे जो आवाज झाला तो मला सांगता येणार नाही. बंदूक मी पुढे कधीतरी ऐकली, त्याहून तो मोठा होता. मग फळ्यांचा खडखडाट, आणि मग बराच वेळ नुसतं धान ओघळण्याचा आवाज. सळसळ, सळसळ.

बाबा, माय, शेजारी, सगळ्यांनी हातांनी धान उपसलं. तुळई खाचेतून दुभंगून खाली आली होती. तिचं एक टोक जात्यावर अडलं म्हणून आत्या जगली. दुसरा भाग तिच्या मांडीवर होता. तिला बाहेर काढलं तेव्हा तोंडात, कानात, केसांत धान. ती ओरडत नव्हती. “इंदी कुठी आहे? इंदी खाली तर नाई?” एवढंच विचारत होती.

तिला बंडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. हाड मांडीच्या वरच्या बाजूला मोडलं होतं. तीन आठवड्यांनी परत आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाय राहील, पण चालणं पहिल्यासारखं राहणार नाही. ब्रह्मपुरीच्या माणसांनी लग्न फाल्गुनावर ढकललं. आत्याची खाट ओसरीत टाकली. आत्याला खाटेवर निजवलं त्याच दिवशी बाबांनी चपला घातल्या आणि शेजारच्या गावी निघून गेले.

परत आले ते ताठ चालत. मायला सांगत होते, मी आत ऐकत होते. मोतीराम पाटलांच्या अंगणात, दहा माणसांसमोर त्यांनी कासमभाऊंना विचारलं होतं, माझ्या तुळईला खालून खाच का पाडलीस? कासमभाऊ म्हणाले, मी हात लावला नाही. बाबा म्हणाले, “माह्या पोरीनं पाह्यलं.” त्यावर कासमभाऊ गप्प झाले. पाटलांनी तिथल्या तिथे त्यांना कामावरून काढलं. असा मिस्त्री आमच्या मुलाबाळांच्या डोक्यावर छप्पर चढवणार का, म्हणाले.

मी कोठ्यात गेले. बाबा बैलांना वैरण टाकायला येतील हे माहीत होतं. ते आले. मी उभीच होते.

“बाबा, कासमभाऊनं नाई कापली. मी कापली.”

ते वैरण हातात धरून थांबले. मी सगळं सांगितलं. काटा, पाऊस, भुसा, पाणी, हो. मग त्यांनी वैरण खाली टाकली आणि हलक्या आवाजात म्हणाले, “कोणाले सांगतलं?”

“कोणालेच नाई.”

“मंग नोको सांगू. फाल्गुनात तुहं लग्न आहे. पोरीनं करवत चालवली, घर पाडलं, वरतून खोटं बोलली, असं ब्रह्मपुरीले गेलं तर कोण नेईन तुले? कासम काय, त्याले चांद्याले दुसरं काम भेटते. त्याचं काई जात नाई.”

बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी उभ्या जन्मात कोणाचा बांध कोरला नव्हता. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे, आणि मला कळतं की त्या क्षणी त्यांच्यासमोर एक परका माणूस आणि एक पोटची पोर होती. पण तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की बाबांनी माझ्या डोळ्यांत बघायचं टाळलं. तसं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

कोठ्याची भिंत ओसरीला लागून होती. पलीकडून फुलाआत्याचा आवाज आला. “दसरू, इकडे ये.”

आम्ही दोघेही गेलो. ती छपराकडे बघत पडली होती. “पाय माहा गेला ना? मंग माह्या पायावर खोटं तू काऊन बोलून राह्यला?”

“अवो, पोरीसाठीच...”

“तिनं बी माह्यासाठीच कापलं. पाह्य काय झालं ते.” मग तिनं डोळे मिटून घेतले. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा शेतावर जायच्या आत मी निघाले. पायीच. शेजारचं गाव दोन कोसांवर, मधे जंगल. पळसाची पानं गळायला लागली होती. मी अर्ध्या वाटेवर असेन, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आमच्याच बैलांचा, मी न वळता ओळखला. मला वाटलं, ओढून परत नेतील. बंडी माझ्याशेजारी येऊन थांबली. बाबा समोरच बघत होते. “बस,” ते म्हणाले. मी बसले. बैल त्यांनी वळवले नाहीत.

मोतीराम पाटलांच्या अंगणात कामाला जोर होता. पाटलांनी मूल गावाहून दुसरा मिस्त्री आणला होता. तो माणसं घेऊन चौकट उभी करत होता. कासमभाऊ कुंपणापाशी, पेटीवर बसलेले. चांद्याकडे जाणाऱ्या बंडीची वाट बघत होते. आम्हाला पाहून ते उठले नाहीत.

बाबा पाटलांसमोर उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. “पाटील, परवा मी जे बोललो ते खोटं होतं. कासमभाऊची चूक नाई. चूक माह्या घरची होती.”

“घरची मंजे कोणाची?”

बाबा म्हणाले, “माही.”

मी बाबांच्या मागे होते. त्यांचा हात मागे आला आणि माझं मनगट धरून राहिला. मला अजून तो हात जाणवतो. मी तो सोडवला.

“बाबाची नाई. मी कापली. अन् कासमभाऊचं नाव बी मीच सांगतलं.”

कोणीतरी हसलं. मग दोघंतिघं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. “दसरूभाऊ, मिस्त्रीसंगं समेट कराचा तर करा. पण पोरीले पुढे करून कायले? ही तुळई कापन? सागवानाची?”

माणसं पुन्हा हसली. मी जे सांगायला दोन कोस चालत निघाले होते, त्यावर कोणी विश्वासच ठेवत नव्हतं. मी कासमभाऊंकडे पाहिलं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मग ते सावकाश उठले, पेटी उघडली, करवत काढली. खाली पडलेला सागवानाचा एक ओंडका दोन दगडांवर ठेवला, कानामागची पेन्सिल काढून त्यावर रेघ मारली, आणि करवत माझ्यापुढे धरली.

“काप.”

अंगणात वीस-पंचवीस माणसं असतील. नवा मिस्त्री, त्याचे गडी, पाटलांच्या घरच्या बायका दारात. लग्न ठरलेल्या मुलीनं ज्या गावात मान खाली घालून जायचं, त्या गावात मी पदर खोचला, ओंडक्यावर पाय दिला आणि करवत चालवली. पहिल्या दोन ओढी चुकल्या, पातं उडालं, परत हसू आलं. मग मी वर बघणं सोडलं. जोर लावला नाही. करवतीला जाऊ दिलं. हळूहळू अंगणात फक्त करवतीचाच आवाज राहिला. तुकडा खाली पडला तेव्हा कासमभाऊंनी तो उचलला, कापलेल्या बाजूवर अंगठा फिरवला आणि पाटलांच्या हातात दिला.

“माह्याच हातचं शिकणं आहे,” ते म्हणाले. “पोरगी खरं बोलून राह्यली.”

आता कोणी हसत नव्हतं. बाबा जमिनीकडे बघत होते. पाटलांनी तो तुकडा उलटसुलट केला. म्हणाले, “झालं ते झालं, मिस्त्री. पण आता मूलच्या माणसाले जबान दिली.” कासमभाऊंनी मान हलवली, जणू त्यांना दुसरं काही अपेक्षितच नव्हतं.

त्यांची बंडी आली. पेटी चढवायला मी हात लावला, त्यांनी लावू दिला. मी म्हटलं, “कासमभाऊ, माह्यानं चूक झाली.”

ते बंडीच्या दांडीवर हात ठेवून उभे राहिले. “बेटी, लाकडाचं वरचं अंग दबते अन् खालचं अंग ताणते. खालून कापलं मंजे ताणलेली दोरी कापली. हे मी तुले तेव्हा समजावून सांगाले पायजे होतं. नुसतं ‘नोको’ म्हणून गेलो, ते माहं चुकलं. कापणं माफ आहे. पण मी तुह्या हातचं पाणी प्यालो, तुह्या केसाइत भुसा होता. तेव्हा बोलली असती तर दोन खांब लावून दिले असते. अर्ध्या दिवसाचं काम होतं.”

एवढं बोलून ते बंडीत बसले. त्यानंतर ते आमच्या गावाकडे काम घेऊन कधी आले नाहीत. बाबांनी दोनदा चांद्याला जाऊन त्यांना बोलावलं. पहिल्यांदा ते घरी नव्हते. दुसऱ्यांदा त्यांनी बाबांना बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं की हात आता कापतात, मोठी कामं घेत नाही. हात कापत होते की नाही, देवाला ठाऊक. आमची तुळई दुसऱ्याच माणसानं बसवली, येनाच्या लाकडाची, मधे खांब देऊन.

परतीच्या वाटेवर बाबा बंडी हाकत होते. आमचं गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, “तुले भेव नाई वाटलं?” मी म्हटलं, “वाटलं.” ते म्हणाले, “मले बी लय वाटून राह्यलं होतं.” आणि बैलांना उगाचच चुचकारलं.

पंधरा दिवसांत ब्रह्मपुरीचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच पाहून झाल्या होत्या. माय रडली. बाबांनी मला चांद्याला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवलं, कारण घरी ठेवून करायचं तरी काय, हा त्यांना प्रश्न होता. लोक मला पुढे विचारत, त्या काळात खेड्यातून शिकायला कशा आलात, वडील पुढारलेले होते का? मी हो म्हणत असे. ते ‘हो’सुद्धा पूर्ण खरं नव्हतं.

फुलाआत्या त्यानंतर अकरा वर्षं जगली. काठीच्या आधारानं अंगणापर्यंत जायची, उंची कमरेत मोडून गेली होती. त्या खाचेबद्दल ती माझ्याशी एकदाही बोलली नाही. तुला माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मीही विचारायची हिंमत केली नाही. पण सुट्टीत मी घरी आले आणि धान काढायला माळ्यावर चढले की ती हातातलं काम थांबवायची. जेवत असली तर घास तसाच हातात. वर माझी पावलं वाजत, आणि खालून तिचा आवाज येई, “इंदे, उतरली का वो?” थोड्या वेळानं परत, “उतरली का?” मी घाईघाईनं टोपली भरायचे. दोन्ही पाय जमिनीला लागले की म्हणायचे, “उतरली, आत्या.” मगच ती तो घास तोंडात घालायची.